कॅड ड्रॉइंगमधली दुरुस्ती आणि बदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्रीनवर रेघ मारायला एका दुपारी येतं. मारलेली रेघ हलवायची, कापायची, लांबवायची, आणि हे करताना शेजारच्या दहा गोष्टी बिघडू द्यायच्या नाहीत, याला मात्र वेळ लागतो. शिकणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. कॅड म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढणं. कमांडची नावं ऑटोकॅड या प्रोग्रॅममधली आहेत. ब्रिक्सकॅड आणि ड्राफ्टसाइटमध्ये बहुतेक हीच चालतात. लिबरकॅड, क्यूकॅडमध्ये नावं थोडी निराळी, पण कल्पना त्याच.

मला अजून नीट ड्रॉइंग काढताच येत नाही. आधी ते शिकू की दुरुस्ती?

दोन्ही एकदमच शिका, कारण कॅडमध्ये काढणं हेच बरंचसं दुरुस्ती असतं. एक खोली काढायची आहे असं धरा. आतला ४००० बाय ३००० मिमीचा आयत काढला, तो २०० ने बाहेर ऑफसेट केला (म्हणजे तेवढ्या अंतरावर त्याची समांतर प्रत काढली), चारही भिंती तयार. दाराच्या जागी एक आडवा काप मारला, तो ९०० वर ऑफसेट केला, मधला भाग ट्रिम केला, म्हणजे कापून टाकला. एवढ्यात हाताने काढलं ते काय? एक आयत आणि एक रेघ. बाकी सगळं आहे त्यातूनच निघालं.

आणि नव्या माणसाच्या हाती पहिल्या दिवशी कोरा कागद कुणी देत नाही. लाल पेनाने खुणा केलेली प्रिंट देतात आणि सांगतात, एवढे बदल करून टाक.

सिलेक्ट करताना कधी निळी चौकट येते, कधी हिरवी. फरक काय?

या एका प्रश्नाचं उत्तर पक्कं झालं की निम्म्या अडचणी संपतात. म्हणून इथे जरा थांबा.

चौकट डावीकडून उजवीकडे ओढली की निळी येते. तिच्यात जे पूर्ण मावेल तेवढंच सिलेक्ट होतं. रेघेचं एक टोक जरी बाहेर राहिलं तरी ती रेघ सुटते. उजवीकडून डावीकडे ओढली की हिरवी येते. तिला जे जे नुसतं शिवेल ते सगळं येतं. पहिलीला विंडो म्हणतात, दुसरीला क्रॉसिंग. गर्दीतून एखादं खुर्चीचं चित्र तेवढं उचलायचं तर विंडो. भिंतीच्या रेघा एका फटक्यात गोळा करायच्या तर क्रॉसिंग.

नको ती वस्तू आली तर एस्केप मारून पहिल्यापासून सुरुवात करू नका. शिफ्ट दाबून तिच्यावर क्लिक केलं की ती यादीतून निघते. मघाशी निवडलेलाच गठ्ठा परत हवा असेल तर ‘सिलेक्ट ऑब्जेक्ट्स’ विचारल्यावर पी टाइप करून एंटर मारा. हा पी मला फार उशिरा कळला, आणि तोपर्यंत किती वेळा तीच ती चाळीस वर्तुळं टिपत बसलो याचा हिशोब नाही.

चौकटीऐवजी वेडावाकडा फास येत असेल तर तुम्ही माउसचं बटण दाबून धरून ओढता आहात. नव्या आवृत्त्यांमध्ये त्याला लॅसो म्हणतात. सरळ चौकट हवी तर एक क्लिक, बटण सोडा, समोरच्या कोपऱ्यावर दुसरं क्लिक.

कमांड देऊन वस्तूवर क्लिक केलं, पण पुढे काहीच होत नाही.

एंटर राहिला. मूव्ह, कॉपी, रोटेट अशा कमांड तुम्हाला हव्या तेवढ्या वस्तू निवडू देतात, त्यामुळे निवड कधी संपली हे तुम्हीच सांगायचं असतं. खाली कमांड लाइनमध्ये ते लिहिलेलं असतं. ती ओळ वाचायची सवय लावून घ्या. प्रोग्रॅम तिथे तुमच्याशी बोलत असतो आणि शिकणारे नेमकं तिकडेच बघत नाहीत.

मूव्ह, इरेझ, रोटेटसाठी वस्तू आधी निवडून मग कमांड दिली तरी चालते. ऑफसेट आणि फिलेटला (दोन रेघांचा कोपरा गोलाईने जोडणारी कमांड) ते चालत नाही, त्या आपल्या पुन्हा विचारतात.

मूव्ह आणि कॉपीमध्ये बेस पॉइंट कुठे धरायचा?

वस्तूचा जो बिंदू कुठेतरी नेमका टेकायला हवा, तिथे. टेबलाचा कोपरा भिंतीच्या कोपऱ्याला लावायचा असेल तर बेस पॉइंट टेबलाचा तोच कोपरा. फक्त अंतर सरकवायचं असेल, म्हणजे उजवीकडे ३०० एवढंच, तर बेस पॉइंट कुठेही चालतो: एफ८ ने ऑर्थो चालू करा (मग हालचाल फक्त आडवी किंवा उभीच होते), माउस उजवीकडे न्या, ३०० टाइप करून एंटर.

नजरेने मात्र काही जुळवू नका. स्क्रीनवर दोन टोकं चिकटलेली दिसतात, झूम केलं की मधे फट. मग डायमेन्शन, म्हणजे ड्रॉइंगवर दाखवलेलं माप, २९९९.७ येतं, हॅच (बंद जागेत भरायची रेघांची नक्षी) भरत नाही, रेघा जोडल्या जात नाहीत. एफ३ ने ऑब्जेक्ट स्नॅप (क्लिक नेमक्या टोकाला चिकटवणारी सोय) चालू ठेवा आणि टोकाजवळ ती छोटी हिरवी खूण दिसल्याशिवाय क्लिक करू नका.

व्हिडिओत दाखवतात तसं ट्रिम माझ्याकडे चालत नाही.

२०२१ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅडमध्ये ट्रिम आणि एक्स्टेंडची (रेघ दुसऱ्या रेघेपर्यंत वाढवणारी कमांड) मूळ पद्धत बदलली. पूर्वी कापणारी रेघ आधी निवडायची, एंटर मारायचा आणि मग कापायचा भाग दाखवायचा. आता कमांड देताच सगळ्याच रेघा कापणाऱ्या धरल्या जातात. तुम्ही थेट नको असलेल्या तुकड्यावर क्लिक करायचं. जुनी पद्धत हवी असेल तर ट्रिमएक्स्टेंडमोड हे टाइप करून त्याची किंमत ० करा.

नव्या पद्धतीत एक खाच आहे. ज्या रेघेला दुसरी कुठलीच रेघ छेदत नाही, तिच्यावर क्लिक केलं तर ती अख्खी पुसली जाते. बघताना वाटतं छान साफ झालं, आणि नंतर कळतं की मध्यरेषाच गेली.

ट्रिम चालू असताना शिफ्ट दाबून क्लिक केलं की ते एक्स्टेंडचं काम करतं. त्यामुळे सारखी कमांड बदलावी लागत नाही.

दोन रेघा कोपऱ्यात नीट भेटत नाहीत. एक पुढे गेली आहे, दुसरी अपुरी आहे. ट्रिम करू की एक्स्टेंड?

दोन्ही नको. फिलेट घ्या, त्रिज्या ० ठेवा, दोन्ही रेघांवर एकेक क्लिक करा. जास्तीची कापली जाते, अपुरी वाढते आणि टोकदार कोपरा तयार होतो. त्रिज्या आधीच काही दिलेली असेल तर दुसऱ्या रेघेवर शिफ्ट दाबून क्लिक करा, तेवढ्यापुरती ती ० धरली जाते.

गोंधळ होतो तो क्लिक करण्याच्या जागेचा. ट्रिममध्ये जो भाग नको त्यावर क्लिक करायचं. फिलेटमध्ये जो भाग ठेवायचा त्यावर. हात एकाच्या सवयीने दुसरं करतो.

समांतर रेघांनाही फिलेट लागतं आणि तिथे त्रिज्या न विचारता अर्धवर्तुळ येतं. खोबणीची टोकं त्यामुळे चटकन होतात. फिलेट लागतच नसेल तर बहुधा त्रिज्या रेघेच्या लांबीपेक्षा मोठी पडते आहे.

खोली ४००० ची ४५०० करायची आहे. सगळं पुसून परत काढू?

यासाठी स्ट्रेच आहे. मला विचाराल तर दुरुस्तीच्या सगळ्या कमांडमध्ये हिच्याइतका वेळ वाचवणारी दुसरी नाही, आणि हिच्याइतकी अर्धवट समजलेलीही नाही.

स्ट्रेच द्या आणि उजवीकडून डावीकडे, म्हणजे हिरव्या चौकटीने, उजवी भिंत पूर्ण आत येईल आणि वरच्या-खालच्या भिंती मधेच छेदल्या जातील अशी निवड करा. एंटर. बेस पॉइंट कुठेही, ऑर्थो चालू, माउस उजवीकडे, ५००, एंटर. उजवी भिंत जशीच्या तशी सरकते, वरच्या-खालच्या भिंती लांबतात.

नियम असा: रेघेची जी टोकं चौकटीच्या आत असतील ती सरकतात, बाहेरची जागेवर राहतात. दोन्ही टोकं आत असतील तर अख्खी रेघ सरकते. वर्तुळाचं केंद्र आत असेल तर वर्तुळ सरकतं. ते कधी लांबट होत नाही. ब्लॉक (एकच वस्तू म्हणून वापरायचं तयार चित्र) आणि अक्षरं त्यांच्या घालण्याच्या बिंदूवर ठरतात. वस्तूवर नुसतं क्लिक करून निवडली तर स्ट्रेच तिला ताणत नाही, मूव्हसारखी उचलून नेते. ‘माझं स्ट्रेच बिघडलंय’ असं जे म्हणतात त्यांचं बहुतेक वेळा एवढंच असतं.

दार भिंतीत सरकवायलाही हेच. भिंत ४०००, डावीकडे १२०० चा तुकडा, मग ९०० चं दार, मग १९०० चा तुकडा. दार आणि त्याच्या दोन्ही बाजूंची भिंतीची टोकं हिरव्या चौकटीत घ्या आणि ३०० उजवीकडे ताणा. डावीकडचा तुकडा १५०० होतो, उजवीकडचा १६००, दार ९०० च राहतं. बेरीज करून बघा, ४००० यायलाच हवी.

डायमेन्शनच्या रेघा जिथून निघतात ते बिंदूही चौकटीत आले पाहिजेत. आले तर आकडा आपोआप बदलतो.

आकडाच बदलायचा आहे ना, मग डायमेन्शनवर डबल क्लिक करून नवा आकडा टाइप केला तर?

करू नका. मी केलं आहे, म्हणून सांगतो. प्रिंट लगेच द्यायची होती, खिडकी १४५० ची होती आणि हवी होती १५००. खिडकी तशीच ठेवली आणि वर १५०० टाइप केलं. पुढच्या फेरीत दुसऱ्या कुणीतरी तीच भिंत ताणली. बाकीची डायमेन्शन्स बदलली, माझा १५०० जागचा हलला नाही. खिडकीची चौकट बनवणाऱ्याने आकडा वाचला, त्याचं काही चुकलं नाही. चौकट भिंतीत बसली नाही तेव्हा फाइल कुणी केली हे शोधायला फार वेळ लागला नाही.

टाइप केलेल्या आकड्याचा ड्रॉइंगशी संबंध तुटतो. दुसऱ्याच्या फाइलमध्ये असे आकडे शोधायचे तर डायमेन्शन निवडून प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट ओव्हरराइड हा रकाना बघा. तो रिकामा केला की खरं माप परत येतं. ते बघून कधीकधी घाम फुटतो.

कोन किंवा प्रमाण माहीत नसताना रोटेट, स्केल कसं करायचं?

रेफरन्सने. कमांडमध्ये आर टाइप केलं की तो पर्याय मिळतो. तिरक्या आलेल्या नकाशाची एक बाजू आडवी करायची असेल तर रोटेट, मग रेफरन्स, त्या बाजूची दोन टोकं क्लिक करा आणि नवा कोन ० द्या. मूळ कोन १७.३८ होता की काय होता, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. नुसता कोन टाइप करत असाल तर लक्षात ठेवा: अधिक कोन घड्याळाच्या उलट दिशेने जातो.

स्केलचंही तसंच. स्कॅन केलेला नकाशा मागे ठेवला, त्यात दार ८४३ भरतं पण ते ९०० चं आहे हे तुम्हाला माहीत आहे. स्केल, रेफरन्स, दाराची दोन टोकं, मग ९००. भागाकार करून १.०६७६ काढत बसायचं कारण नाही. इंचातली फाइल मिलिमीटरमध्ये हवी असेल तर मात्र सरळ २५.४ पट करा, आणि केल्यावर माहीत असलेलं एक तरी माप मोजून बघा.

कागदावर मावत नाही म्हणून ड्रॉइंगलाच स्केल मारण्याचा मोह होईल. तो आवरा. वस्तू खऱ्या मापातच राहू द्या. १:५० की १:१०० हे लेआउटमधल्या (छपाईच्या पानावरच्या) व्ह्यूपोर्टवर, म्हणजे ड्रॉइंग दाखवणाऱ्या चौकटीवर, ठरवायचं.

ॲरेमध्ये नेहमी एक वस्तू कमी किंवा जास्त होते.

कारण ॲरेला, म्हणजे समान अंतराने प्रती मांडणाऱ्या कमांडला, दिलेल्या संख्येत मूळ वस्तूही मोजली जाते. ६०० च्या अंतराने १० खांब म्हणजे पहिल्यापासून शेवटापर्यंत ५४००, कारण खांब १० असले तरी मधली अंतरं ९ च. वर्तुळावर मात्र शेवट पहिल्याला येऊन मिळतो: फ्लँजच्या गोल चकतीवर ८ भोकं पूर्ण ३६० अंशांत, तर दर ४५ अंशांवर एक.

मिरर केल्यावर अक्षरं उलटी दिसतात.

मिररटेक्स्ट नावाचं सेटिंग १ वर आहे. ते टाइप करताना स्पेलिंगमध्ये मिररमधली शेवटची दोन अक्षरं, ओ आणि आर, गाळायची. किंमत ० करा आणि पुन्हा मिरर करा.

वस्तू दिसते, पण हलत नाही किंवा पुसली जात नाही.

लेयर, म्हणजे ती वस्तू ज्या थरावर आहे तो, लॉक असेल. तो फिका दिसतो आणि माउस वर नेला की कुलपाची खूण येते. कुलूप काढण्याआधी एकदा विचार करा, ते कुणीतरी मुद्दाम लावलेलं असतं.

लेयरचा रंग बदलूनही एखादी रेघ जुन्याच रंगात राहिली, तर त्या रेघेला स्वतंत्र रंग दिलेला आहे. तो ‘बायलेयर’, म्हणजे लेयरप्रमाणे, करा. एका वस्तूचे गुण दुसरीला द्यायला मॅचप्रॉप, म्हणजे एमए, आहे. दुसऱ्याच्या फाइलमध्ये काम करताना तिच्याशिवाय माझं पान हलत नाही.

ब्लॉक बदलायचा असेल तर एक्सप्लोड करावा का?

एक्सप्लोड म्हणजे वस्तू फोडून तिचे सुटे भाग करणं. हा प्रश्न रोज येतो, आणि ‘हो’ ऐकायच्या तयारीनेच येतो. उत्तर बहुधा नाही असंच आहे.

ब्लॉक म्हणजे एकदा काढलेलं चित्र आणि त्याची ड्रॉइंगभर लावलेली रूपं. ब्लॉक एडिटरमध्ये, म्हणजे बीएडिट देऊन, मूळ बदललं की चाळीसच्या चाळीस ठिकाणी बदल होतो. ही कल्पना संगणकावरच्या ड्रॉइंगइतकीच जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत दाखवलेल्या स्केचपॅडमध्ये प्रकाशलेखणीने स्क्रीनवर चित्र काढता येत होतं, आणि मूळ चित्र बदललं की त्याच्या प्रतीही बदलत होत्या. ऑटोकॅड आलं ते १९८२ मध्ये. एक्सप्लोड करणारा माणूस हे सगळं फेकून देऊन चाळीस सुटी चित्रं हातात घेतो.

आणि ब्लॉकपुरतंच नाही. डायमेन्शन फोडलं की नुसत्या रेघा आणि अक्षरं उरतात, आकडा पुन्हा कधी बदलत नाही. पॉलिलाइन, म्हणजे जोडून एक झालेल्या रेघा, फोडली की तिची जाडी जाते. हॅच फोडला तर शेकडो सुट्या रेघा. ॲट्रिब्यूट, म्हणजे माहितीचे रकाने, असलेला ब्लॉक फोडला की भरलेल्या माहितीच्या जागी रकान्यांची नावं दिसू लागतात. अगदीच फोडायचा असेल तर एक्सप्रेस टूल्समधली बर्स्ट वापरा, ती लिहिलेलं तसंच ठेवते.

एक्सप्लोड करण्याआधी वस्तू निवडून प्रॉपर्टीजमध्ये ती काय आहे ते वाचा. पॉलिलाइनला पीएडिट आहे, हॅचला हॅचएडिट, ॲरेला त्याची स्वतःची पट्टी. प्रत्येक वस्तूला आत शिरायचं दार असतं, भिंत फोडायची गरज नसते.

हॅच भरत नाही. रेघा तर जुळलेल्या दिसतात.

दिसतात. कोपरे झूम करून बघा, कुठेतरी फट असेल. ती फिलेट ० ने बुजवा. रेघा जोडून एक पॉलिलाइन करायची तर जॉइन द्या. ज्या जागी जोड अडतो तिथेच फट आहे.

एकाच जागी तीन-तीन रेघा एकमेकींवर बसलेल्या असतील, म्हणजे पुसली तरी रेघ दिसतच राहते, तर ओव्हरकिल चालवा, ती जादा रेघा काढून टाकते. आणि सगळं जुळूनही फिलेट किंवा ट्रिम नीट होत नसेल तर एखाद्या रेघेच्या टोकाला झेडची किंमत आहे का ते प्रॉपर्टीजमध्ये बघा. वरून बघताना ती रेघ जागेवर वाटते, पण प्रत्यक्षात हवेत असते.

चूक उशिरा लक्षात आली तर?

यू किंवा कंट्रोल-झेडने एकेक पाऊल मागे जाता येतं. पण चुकून काही पुसलं आणि त्यानंतर चांगलं कामही झालं असेल तर ऊप्स द्या: शेवटचं पुसलेलं परत येतं आणि मधलं काम राहतं. ही कमांड बऱ्याच जुन्या लोकांनाही माहीत नसते.

चुकीची फाइल सेव्ह झाली असेल तर त्याच फोल्डरमधली बीएके फाइल शोधा. आधीच्या सेव्हचं रूप तिच्यात असतं. तिची प्रत करा आणि प्रतीच्या नावातलं शेपूट बदलून डीडब्ल्यूजी करा. मात्र हे लगेच करायचं. मूळ फाइल पुन्हा सेव्ह केली की जुनी बीएके गेली.

शॉर्टकट पाठ करावे का?

यादी समोर ठेवून नको. ट्रिमला टीआर, एक्स्टेंडला ईएक्स, ऑफसेटला ओ, फिलेटला एफ, स्ट्रेचला एस, मूव्हला एम, कॉपीला सीओ, मिररला एमआय. एवढ्या आठांवर एक आठवडा काढा, बाकीचे वाटेत लागतील. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर, स्पेसबार म्हणजे एंटर; आणि काही न लिहिता नुसता स्पेसबार मारला की मागची कमांड परत येते.

सरावासाठी काय करू?

वर सांगितलेली खोली काढा: आतून ४००० बाय ३०००, भिंत २००, एक दार, चारही बाजूंना डायमेन्शन. मग काहीही न पुसता ती आतून ४५०० बाय ३००० करा, दार ३०० ने सरकवा, आणि सगळी खोली १५ अंशात फिरवून रेफरन्सने परत सरळ करा. शेवटी एरिया कमांड देऊन आतले चार कोपरे ओळीने टिपा. आकडा १३५००००० यायला हवा, म्हणजे १३.५ चौरस मीटर. थोडासा जरी कमी-जास्त आला तर एखादं क्लिक स्नॅपशिवाय झालेलं आहे. परत काढू नका, तो कोपरा शोधा.